भट्टी विझल्यावर लावलेली सात झाडं

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई फार फणकारते. पस्तीस वर्षं चिवड्याच्या भट्टीशेजारी काढलेल्या बाईचं डोकं थंड राहिलं असतं, तर ते नवल होतं.

आमचा धंदा चिवड्याचा. नाशकात चिवडेवाले पैशाला पासरी, पण अजून लाकडाच्या आचेवर तळणारे, निदान आमच्या पंचवटीच्या बाजूला, आम्हीच काय ते उरलो होतो. तळणारे म्हणजे आमचे हे. नांदगावकडचं खेडं सोडून विशीच्या आत इथं आले, दुसऱ्याच्या भट्टीवर हाताखाली राहिले, मग स्वतःची भट्टी घातली. माणूस बसेल एवढी कढई, खाली बाभळीची लाकडं आणि समोर झारा घेऊन हे. पोहे टाकले की नुसत्या आवाजावरून सांगायचे तेल किती तापलंय ते. मी मसाला करायचे, कांदा चिरायचे, भांडी घासायचे आणि ओरडायचे. कामं अशी वाटून घेतलेली.

धूर होताच. भिंतींना, उशांना, वाळत घातलेल्या कपड्यांना. गल्लीच्या तोंडाशी कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. वारा पलीकडच्या पाण्याच्या पाटाच्या दिशेनं वाहिला की आमचा सगळा धूर त्यांच्या खिडकीत. बाईंनी वीस वर्षं ती खिडकी उघडली नाही. महापालिकेत अर्ज दिले, आम्हाला तोंडावर सुनावलं, दिवाळीचं फराळाचं ताट झाकलेलं होतं तसं परत पाठवलं. मीही काही कमी नव्हते. "खिडकी तुमची, लावून घ्या की!" असं मी त्यांना भर रस्त्यात म्हटलं होतं. आता आठवलं की लाज वाटते, पण म्हटलं होतं.

मग ह्यांचा खोकला सुरू झाला. आधी सकाळचा होता, मग दिवसाचा झाला, मग चार पावलं चालले तरी दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "विड्या किती ओढता?"

"आयुष्यात ओढली नाही," हे म्हणाले.

"मग एवढ्या धुरात राहता कुठं?"

भट्टी त्याच आठवड्यात बंद केली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं. गेलेलं फुप्फुस काही परत येत नाही, पण उरलेलं चालण्यानं टिकतं. ह्यांना रोज चालवा. माणूस खाटेवर पडून राहिला तर वर्ष-दोन वर्षांत हाताबाहेर जाईल.

आणि हे नेमके खाटेवर पडले. भिंतीकडे तोंड करून. मी गॅसची मोठी शेगडी आणली, दोन बायका कामाला ठेवल्या, झारा स्वतःच्या हातात घेतला. गिऱ्हाईक दुकानात यायचं, चार दाणे तोंडात टाकायचं आणि म्हणायचं, "पूर्वीची चव नाही राहिली हो." आतल्या खोलीत हे ऐकायचे. मी म्हणायचे, चला, मेडिकलपर्यंत तरी जाऊन येऊ. तर म्हणायचे, "जाऊन काय करू? भट्टी का बंद केली, ते सांगत फिरू?" मी गोड बोलले, ओरडले, जेवण टाकलं, रडले. काही उपयोग झाला नाही. मला विधवा व्हायचं नव्हतं, सरळ सांगते. ह्या माणसाला खाटेवरून उठवायचं, एवढी एकच गोष्ट त्या वर्षी माझ्या डोक्यात होती.

आमची लेक पुण्याला नोकरी करते. कुठल्या कंपनीनं हवेत किती कार्बन सोडला आणि तो भरून काढायला ती काय करणार, ह्याची तिच्या ऑफिसात मोजणी चालते. मी तिला धुराची तलाठीण म्हणते. ती बापाच्या वाढदिवसाला आली आणि चौकटीत घातलेला एक कागद तिनं ह्यांच्या हातात दिला. शहरात एक संस्था आहे, ती रस्त्याकडेला झाडं लावून देते. कुणी जाळलेल्या इंधनाची थोडीफार भरपाई म्हणून त्या माणसाच्या नावानं झाडं अर्पण करता येतात. लेकीनं बापाच्या नावानं सात झाडं घेतली होती, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, पाटाकडेच्या रस्त्यावर. रोप, लोखंडी जाळी आणि नावाची पाटी संस्थेची. तीन वर्षं जगवायची मात्र आपण. सहा-सहा महिन्यांनी त्यांचं माणूस येऊन बघून जाणार.

ह्यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. "चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात घास घातला," म्हणाले, "आणि माझ्या पोरीनं मला काय दिलं? दंडाची पावती." आणि परत भिंतीकडे वळले.

लेक स्वयंपाकघरात येऊन रडायला लागली. जवळ घ्यायचं सोडून मी तिच्यावरच घसरले. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! माणूस आजारी, धंदा माझ्या एकटीच्या गळ्यात, आता सात रोपांना पाणी कुणी घालायचं? तुझ्या ऑफिसनं?"

तिनं डोळे पुसले. "आई, आपण जाळलेल्या लाकडांचा कार्बन अजून हवेतच आहे. सात झाडांनी तो सगळा भरून निघणार नाही, मला कळतं ते. झाडं मोठी होईपर्यंतच कितीतरी वर्षं जातील. पण काहीतरी सुरू तर होईल." मग खाली बघून म्हणाली, "आणि बाबांना घराबाहेर काढायला मला दुसरं काही सुचलं नाही गं."

मी तिला चहा करून दिला.

श्रावणात झाडं लागली. दोन कडुनिंब, दोन करंज, दोन बहावे आणि एक ताम्हण. ताम्हण सगळ्यांत किरकोळ होतं, करंगळीएवढं खोड. लागली आणि पावसानं दडीच मारली. मी रोज सकाळी दोन कॅन भरून न्यायचे आणि वाटेत लेकीला, संस्थेला आणि कार्बनला शिव्या घालायचे. एकदा बाई फाटकात उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आयुष्यभर धूर दिलात, आता झाडं लावून पुण्य मिळवताय वाटतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आले, कॅन दाणकन आपटला आणि ह्यांच्या पाठीला म्हटलं, "ते ताम्हण वाळलं. वर तुमच्या नावाची पाटी आणि खाली वाळकी काडी. बाई फाटकात उभ्या राहून तुमचं नाव मोठ्यानं वाचत होत्या."

सगळं खोटं. ताम्हण ठणठणीत होतं आणि बाईंनी नाव वगैरे काही वाचलं नव्हतं. देव मला क्षमा करो. नाही केली तरी चालेल.

पाठ हलली. "पाटी कितीशी मोठी आहे?" ह्यांनी विचारलं.

"लांबून वाचता येते एवढी."

हे उठले. आठ महिन्यांनी स्वतःहून चपला घातल्या. आमच्या घरापासून झाडांपर्यंत पोरं पळत जातात एवढं अंतर, आम्हाला अर्धा तास लागला. पहिल्यांदा पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसले. मग मेडिकलच्या बाकावर. मग विजेच्या खांबाला हात टेकवून उभे राहिले, तोंड उघडं टाकून. मला वाटलं, काय करून बसले मी हे! पण पोचलो. ह्यांनी ताम्हणाकडे बघितलं. हिरवंगार. मग माझ्याकडे बघितलं.

"हे वाळलंय?"

"सकाळी वाळल्यासारखं दिसत होतं," मी म्हटलं.

हे कसेबसे उकिडवे बसले, बुंध्याजवळची माती बोटानं उकरून पाहिली, सदऱ्याच्या टोकानं पाटी पुसली. उठताना म्हणाले, "उद्या येताना खुरपं आण."

गल्लीभर पेढे वाटावेत असं मला वाटलं. त्या दिवसापासून हे रोज जायला लागले. गिरणी, मेडिकल, खांब, झाडं. महिन्याभरात मेडिकलच्या बाकावर बसणं सुटलं. बारा वाजले तरी घरी यायचे नाहीत. कोणत्या झाडाला किती नवी पानं आली, ते मला जेवताना सांगायचे. मी एरवी कुणाचं एवढं ऐकून घेत नाही, पण ऐकायचे.

आता आमची चूक सांगते. भट्टीवाल्यांशिवाय दुसऱ्या कुणी ती केली नसती.

भट्टीच्या मागं शेवटच्या राखेची पाच-सहा पोती पडलेली होती. फेका म्हटलं तर हात लावू द्यायचे नाहीत. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, त्यातला प्रकार. एके दिवशी स्वतःच पोतं सोडायला लागले. "माझा बाप वांग्यावर माव्याची कीड पडली की राख टाकायचा," म्हणाले. "आणि ही तर बाभळीची राख आहे, सोनं आहे सोनं. जाऊ दे माझी भट्टी झाडांच्या पोटात." मला काय, एवढा जीव लावतोय माणूस, आनंदच झाला. घमेलं उचलताना ह्यांना दम लागायचा, म्हणून मीच ते झाडांपर्यंत नेऊन द्यायचे. हे आळ्यात राख ओतायचे, वर माती ओढायचे, पाणी घालायचे. म्हणजे दोष एकट्या ह्यांचा नाही, हे लिहून ठेवते.

पाऊस थांबला आणि पानं पिवळी पडायला लागली. हे म्हणाले, झाडं भुकेली आहेत, अजून राख घालू. घातली. मग पानांच्या कडा करपल्या. मग अजून घातली. दिवाळी तोंडावर आली तोवर बहावे अर्धे उघडे पडले होते आणि ताम्हणाची नुसती काडी उरली होती. जे खोटं मी श्रावणात बोलले होते ते आश्विनात खरं होऊन समोर उभं राहिलं.

वसुबारसेला हे गेलेच नाहीत. दुपारी बघते तर खाटेवर, भिंतीकडे तोंड. म्हणाले, "झाडं चांगली होती. मी हात लावला आणि जळाली. चाळीस वर्षं जाळायचंच काम केलं, ह्या हाताला दुसरं काही येत नाही."

बाहेर दिवाळीच्या मागण्यांचा ढीग, शेगडी पेटलेली, कांद्याच्या राशी पडलेल्या, आणि मी कोठीच्या खोलीत जाऊन पदरात तोंड खुपसून रडले. पुन्हा एकदा पहिल्यापासून! आणि ह्या खेपेला उठवायला माझ्याकडे खोटंसुद्धा उरलं नव्हतं.

नरकचतुर्दशीला सकाळी ह्यांना पाटावर बसवलं. आजारी असो की रुसलेला, त्या दिवशी नवऱ्याला तेल-उटणं लावायचंच. दर दिवाळीला तेल लावताना मी कळवळायचे. कढया राखेनं घासून घासून माझ्या बोटांची पेरं फुटलेली असायची, भेगांत तेल गेलं की आग आग व्हायची. मी शिव्या घालायचे आणि हे हसायचे. आमच्या घरची दिवाळी अशी माझ्या शिव्यांनी सुरू व्हायची.

त्या दिवशी अर्धी पाठ चोळून झाली. हे भिंतीकडे बघतच म्हणाले, "आज ओरडत नाहीस ती?"

मी थबकले. हात उजेडात धरले. भेग नाही की काही नाही, नवऱ्या मुलीसारखे हात. भट्टी बंद झाल्यापासून मी राखेला बोट लावलं नव्हतं. कढई साबणानं घासत होते.

"अहो," मी म्हटलं, "राख!"

"काय राख?"

"राखच हो! पस्तीस वर्षं माझ्या हातांची सालं काढली तिनं. तेलाचा थर बसलेली कढई तिनं लखलखते. ती आपण कोवळ्या मुळांवर ओतली!"

हे तेलानं माखलेले तसेच माझ्याकडे वळले. मग सावकाश म्हणाले, "बाप चिमटीनं टाकायचा. पानावर." आणि म्हणाले, "मी घमेल्यानं ओतली."

"अति तिथं माती," मी म्हटलं, "आणि आपण राख केली. उठा आता!"

उठले! अंघोळ उरकली, कारिट फोडलं न फोडलं, फराळाला हात न लावता आम्ही खुरपं-घमेलं घेऊन निघालो. गल्ली नव्या कपड्यांत फटाके उडवत होती आणि आम्ही दोघं रस्त्याकडेला मातीत. वरची माती बाजूला केली तर खाली राख सिमेंटासारखी बसलेली. खुरपं लागेना.

फाटक वाजलं. बाई. मी मनात म्हटलं, घ्या, आता हिचं ऐका. "आज सणाच्या दिवशी काय चाललंय हे?" बाईंनी विचारलं.

मी काहीतरी थाप मारणार होते, पण हे आधीच बोलले. "बाई, तुम्ही म्हणायचात ते खरं होतं. माझ्या भट्टीनं तुम्हाला त्रास दिला, आणि आता तिच्या राखेनं झाडंही जाळली. ती उकरून काढतोय." ह्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती.

बाई आत गेल्या. मला वाटलं, झालं. पण त्या परत आल्या आणि हातात हिरव्या पाइपचं भलंमोठं वेटोळं होतं. "राख भिजवल्याशिवाय निघणार नाही," म्हणाल्या. "आणि तुम्ही सरका बाजूला, खोकताय किती. खुरपं द्या इकडं. शाळेची बाग वीस वर्षं माझ्याकडे होती."

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेतल्या माळीदादांना गाठलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "आपली काळी माती आधीच चुनखडीची, त्यात तुम्ही खार ओतला. झाडासमोर ताट वाढलेलं आहे, पण त्याला तोंड उघडता येत नाही." मग उपाय सांगितला. राख सगळी काढा, वरची माती बदला, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत घाला आणि उरलेला खार खोल जाईपर्यंत पाणी सोडा. आम्ही तिघांनी भाऊबीजेपर्यंत तेच केलं. बाईंच्या नळाचं पाणी, बाईंचाच पाइप. पाडव्याला मी फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. ताट परत आलं, पण रिकामं, आणि वर बाईंच्या हातचे दोन बेसनाचे लाडू.

संक्रांतीपर्यंत सहा झाडांना नवी पानं आली. ताम्हण मात्र काडीच. तेवढ्यात संस्थेची मुलगी पाहणीला आली. गोड मुलगी, फोनवर फोटो काढत काढत ताम्हणापाशी थांबली. "काका, हे गेलंय. काळजी करू नका, मी नवीन रोप लावून देते."

हे वाकले. नखानं खोड जरासं खरवडलं. सालीखाली हिरवी रेघ दिसली, सुतासारखी बारीक. "गेलेलं नाही," म्हणाले. "दम लागलाय त्याला. थांबलंय जरा."

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. मी पलीकडच्या कडुनिंबाच्या जाळीला धरून उभी राहिले आणि पदरानं डोळे टिपले.

चैत्रात एक दिवस मी कढईपुढं होते आणि हे दारात आले ते धापा टाकत. चेहरा लालबुंद, बोलता येईना, नुसते हातानं पाटाच्या दिशेला दाखवतायत. माझ्या हातातला झारा गळून पडला. "काय होतंय? छातीत दुखतंय? डॉक्टरांना बोलावू?" हे मानेनंच नाही म्हणतायत. मी पाणी दिलं, पाठ चोळली, कामाच्या बायका धावत आल्या. शेवटी तोंडातून शब्द फुटला.

"फुटलं!"

"काय फुटलं?"

"ताम्हण! बुडातून! दोन कोंब!"

मेल्या माणसा, म्हटलं, जीव घेतलास माझा! सगळ्यांदेखत म्हटलं, अरे-तुरे करून. आणि मग शेगडी बंद करून आम्ही सगळ्याच पाटाकडे गेलो, मी, कामाच्या दोघी आणि वाटेत बाई. दोन कोंब, तांबूस, तांदळाच्या दाण्याएवढे. पाचजणं त्यांना वाकून बघत होतो, तर रस्त्यानं जाणारा एकजण गाडी थांबवून विचारायला लागला, काही हरवलंय का. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे झाडांपासून घरापर्यंत मध्ये कुठंच बसले नव्हते.

त्यानंतरची दोन वर्षं सोपी गेली असं नाही. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड यायचं, तेव्हा बाईंनी स्वतःचं अंगण धुणं बंद केलं. धंद्यातल्या कांद्याच्या सालींचं खत मी कुजवायला शिकले. एकदा एका क्लासवाल्याचा माणूस कडुनिंबाला खिळा ठोकून जाहिरातीची पाटी लावत होता. "थांब," म्हटलं, "आधी तुझ्या कानात ठोकते, मग झाडाला ठोक." पाटी तिथंच टाकून पळाला. हे म्हणाले, तुझ्या तोंडाचा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी फायदा झाला.

तिसऱ्या वर्षी संस्थेची तीच मुलगी शेवटच्या पाहणीला आली. त्या रस्त्यावर पुढं कितीतरी जाळ्या रिकाम्या होत्या, काहींत तर लोकांनी कचरा टाकलेला. आमच्या सातही जाळ्यांतून फांद्या बाहेर आलेल्या. करंज माझ्या डोक्याच्या वर. मुलीनं फोटो काढले, सगळी झाडं परत मोजली आणि म्हणाली, "काका, ह्या अख्ख्या रस्त्यावर सातच्या सात फक्त तुमची जगली."

"सात नाही, आठ लिही," हे म्हणाले. "ताम्हण दोनदा जगलंय."

लेक मुद्दाम रजा काढून आली होती. मी तिला विचारलं, "किती भरपाई झाली गं मग आपल्या धुराची?" ती मोजणीतली माणूस, खोटं बोलणार नाही. म्हणाली, "खरं सांगू? अजून नखाएवढी. झाडं जाड होत जातील तशी वाढेल." मला वाटलं हे हिरमुसतील. तर हे तिला म्हणाले, "मग ह्या वर्षी अजून सात सांग. पलीकडच्या रिकाम्या जाळ्या दिसतायत ना, तिथं. आणि राखेचं काय करायचं नाही, ते मी लोकांना सांगेन." लेकीनं बापाला मिठी मारली. तो चौकटीतला कागद, दंडाची पावती, आता दुकानात गल्ल्याच्या वर लावलाय. ह्यांनीच खिळा ठोकला.

बाईंची खिडकी उघडी असते हल्ली. ताम्हणाची फांदी तिथवर पोचायला अजून हातभर अंतर आहे. बाई रोज मोजतात.

गेल्या महिन्यात ह्यांना डॉक्टरांकडे दाखवून आणलं. डॉक्टरांनी यंत्रात फुंकायला लावलं, जुने कागद काढून आकडे ताडून पाहिले आणि म्हणाले, घसरण थांबली आहे, करताय ते सोडू नका. येताना रिक्षा केली. मी गल्लीचं नाव सांगितलं, रिक्षावाल्याला कळेना. नवा होता. मी पिठाची गिरणी सांगितली, मेडिकल सांगितलं. एकदम त्याची ट्यूब पेटली.

"हां, भट्टीची झाडं आहेत ती गल्ली ना? मग तसं सांगा की मावशी!"

इतकी वर्षं आमच्या गल्लीचा पत्ता 'धूर येतो तिथं' असा होता. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे रिक्षाच्या बाहेर बघत होते, पण कान लाल झाले होते.

घरापाशी उतरलो. हे आत आलेच नाहीत. डॉक्टरांची फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "झाडांकडे जाऊन येऊ." आणि निघालेसुद्धा. मी मागं. गिरणी गेली, पायरीकडे बघितलं नाही. मेडिकल गेलं. ह्यांची पाठ पुढं पुढं चाललेली आणि मी, साठी गाठलेली, गुडघे कुरकुरतायत, हातात फाइल, खांबापाशी आले आणि संपले. खांबाला हात टेकवला, तोंड उघडं टाकून उभी राहिले.

"अहो! थांबा की!"

हे ताम्हणापाशी पोचले होते. झाडाला ह्या वर्षी पहिल्यांदा जांभळी फुलं आली आहेत. हे मागं वळले, मला खांबाला धरून उभी बघितलं आणि हसले. खोकला न येता हसले, पोटभर.

"दम लागला का?" तिथूनच ओरडून विचारलं. "ये सावकाश. इथं बसायला सावली आहे."